शीळ घालू नये

नाही, पण मला एक सांगा, सील बघायला छप्पर कशाला लागतं? छप्पर, छपराला दिवे, समोर वीतभर जाडीची काच, आणि काचेच्या अलीकडे बाकांच्या रांगा, नाटकाला असतात तशा! बरं, सील बघायचा तर गप्प बसून बघावा. तसंही नाही. एका हातात वाफल, वाफलवर जाम, तो जाम मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतोय, दुसऱ्या हाताने मोबाईल वर धरलेला, आणि सीलने नुसतं नाक वर काढलं की सगळ्यांनी मिळून, "अगोबाई, कित्ती गोड!" अहो, गोड काय? तीन माणसांनी उचलावं एवढं ते धूड, त्याचे दात बघितलेत का? मी बघितलेत. पण मी काही बोललो नाही.

तुम्हाला सांगतो, मी जाणारच नव्हतो. आपलं बेट बरं, आपला धक्का बरा. पण फोन आला सुन्निवाचा. सुन्निवा म्हणजे नात, माझ्या मुलीची, गुद्रुनची, धाकटी. शहरातल्या त्या मोठ्या मत्स्यालयात ती सील सांभाळते. आता यातली गंमत बघा. मी जन्मभर सील मारायचं काम केलं, नात सील सांभाळायचं काम करते, आणि मधली गुद्रुन बँकेत बसते आणि जेवणाच्या टेबलावर हा विषय निघाला की बटाटे पुढे करते. आणि मत्स्यालय तरी कसलं? सील म्हणजे काय मासा आहे? तुमच्याआमच्यासारखा हवेत श्वास घेतो, मादी पिल्लाला अंगावर पाजते, आणि त्याला नेऊन ठेवलाय कुठे, तर माशांच्या घरात! असो.

तर सुन्निवा फोनवर म्हणाली, आजोबा, येत्या रविवारी माझी परीक्षा आहे. परीक्षा म्हणजे कागदावरची नव्हे. वर्षभर ती तिथे कच्च्या नोकरीवर होती. तिथली मोठी बाई आहे वीबेके नावाची, जनावरांची डॉक्टर, ती स्वतः बसून सुन्निवाचा खेळ बघणार होती, आणि पक्कं करायचं का घरी पाठवायचं ते त्या खेळावर ठरणार होतं. "तुम्ही पहिल्या रांगेत बसा," म्हणाली. "तुम्ही दिसलात की मला धीर येतो."

मी म्हटलं, येतो.

मग फोनवर नुसताच श्वास. मी थांबलो. थांबायची मला सवय आहे. मग हळूच म्हणाली, "आजोबा, तेवढी टोपी नका घालू."

आता ही टोपी तुम्हाला माहीत आहे. ही काय, डोक्यावर आहे. सीलच्या कातड्याची. लग्नानंतरच्या पहिल्या हंगामातलं कातडं आणून मी बायकोला, आस्लाउगला दिलं, आणि तिने स्वतःच्या हाताने शिवली, दुहेरी टाका. लोकरीची टोपी भिजते, ही भिजत नाही. चर्चमध्ये काढतो, जेवताना काढतो, आस्लाउगला मातीत ठेवलं तेव्हा काढली होती. एरवी डोक्यावर.

मी गुद्रुनला फोन लावला, म्हटलं, पोरीला झालंय काय? तर गुद्रुन आधी कुकर, मग इस्त्री, मग शेजारच्यांचं कुत्रं असं सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "बाबा, तिने तिथे सांगितलंय की तुम्ही कॉडवर होता, मासे धरायला." मी! कॉडवर! अहो, तीसेक हिवाळे मी पश्चिमेच्या बर्फावर गेलो, थेट ग्रीनलंडच्या बाजूला. सरकारच्या परवान्याने गेलो, पोटासाठी गेलो, आणि काम नीट केलं. शहरातून शिकारीविरुद्ध घोषणा देत दाढीवाले आले, कॅमेरे आले, त्यांच्या तोंडावर सांगितलं, होय, मी सील मारतो, आणि तुमच्या पायातल्या बुटांचं कातडं काय झाडाला लागतं? लपवायचं ते चोराने. मी कशाला लपवू?

पण मी काही बोललो नाही. टोपी कोटाच्या आतल्या खिशात घातली आणि बोडक्या डोक्याने शहराच्या फेरीबोटीवर चढलो.

बरोबर कोरे. मी बोलावलं नव्हतं. कोरेला बोलवावं लागत नाही, होडी सुटायला आली की सीगल जमतात तसा तो येतो. एकाच जहाजावर होतो आम्ही, मी बर्फावर आणि तो बंदुकीवर. नेमबाज म्हणून नाव होतं त्याचं, आणि जेवढा बंदुकीने मारायचा त्याहून जास्त तोंडाने. फेरीवर माझ्याकडे बघत बसला. बघतोय, बघतोय. शेवटी म्हणाला, "एलिंग, इतकी वर्षं तुला बघतोय, पण तुझं डोकं एवढंसं आहे हे मला आज कळलं. सोललेल्या बटाट्यासारखं दिसतंय रे."

मी काही बोललो नाही. वारा कानात शिरत होता.

तिथे पोचलो. दारातच दुकान. आत मासे बघायच्या आधी तुम्ही दुकान बघायचं, अशी वाट काढलेली. आणि त्या दुकानात काय होतं सांगू? सीलची पिल्लं. कापसाची. पांढरी शुभ्र, काळे डोळे लावलेली, कमरेएवढा ढीग. लहान पोरं त्यात हात घालून एकेक उपसतायत. कोरे थबकला. डोळे मोठे केले आणि चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "एलिंग, अरे हा बघ, आपला अख्खा हंगाम!"

दोन बाया वळल्या. मी त्याची बाही धरून ओढलं. म्हटलं, तोंड बंद ठेव, पोरीची नोकरी आहे. तर म्हणे, "मी काय खोटं बोललो?" खोटं नव्हतंच. म्हणून तर ओढलं.

कॉफी घेतली. कॉफी कसली, गरम पाण्याला कॉफीची बातमी सांगितलेली. घरून ब्राऊन चीज लावलेला ब्रेड नेला होता, तो काढला तर एक गणवेशवाला पोरगा आला, बाहेरचं खाणं चालत नाही म्हणाला. आणि बाहेरचे सील चालतात. हे मी मनात म्हटलं. मोठ्याने काही बोललो नाही.

मग तो तलाव. पहिली रांग, बरोबर मधोमध. पलीकडे सिमेंटचे खडक, खरे वाटावेत म्हणून त्यांना करडा रंग दिलेला. सील तीन. आणि त्यांना नावं! मफिन, बोबो आणि राजकन्या. शाळेच्या पोरांनी मतं देऊन ठेवली म्हणे. राजकन्या! वजनाने आमच्या पाद्रीबाईच्या दुप्पट, नाकावर पांढरे केस, जराशी बेरकी नजर. मनात आलं, ही बर्फावर असती तर कधी हाताला लागली नसती. हे मी तिचं कौतुक म्हणून सांगतोय, बरं का.

वीबेकेबाई एका कडेला बसली होती, गुडघ्यावर गुडघा, हात बांधलेले. आणि सुन्निवा बाहेर आली. रबरी बूट, हातात हेरिंग माशांची बादली, गळ्यात दोरीला लावलेली एक बारीकशी शिट्टी. आता मी बघतोय कुठे, तर तिच्या पायांकडे. ओल्या फरशीवर ती कशी उभी होती सांगू? पाय फाकलेले, गुडघे सैल, भार टाचेवर. डेकवर उभं राहतात तसं. हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. जहाजावर पाऊल ठेवलेलं नाही तिने. घसा जरा खाकरावा लागला. कोरेने विचारलं काय झालं, म्हटलं, वाफलचा वास.

खेळ चालू झाला. ती हात वर करायची, की मफिन खडकावर चढायचा. हात फिरवायची, की बोबो पाठीवर उलटा. जमलं की शिट्टी वाजवायची, चुटकन, एवढीशी, आणि मासा फेकायची. शिट्टी म्हणजे 'बरोबर', एवढं त्या जनावरांना कळत होतं. सगळं चोख चाललं होतं. वीबेकेबाईची मान दोनदा हललेली मी बघितली. कोरेने बघितली का विचारलं, तर त्यानेही बघितली होती. म्हटलं, झालं पोरीचं काम.

पण आता इथे थांबतो आणि तुम्हाला शिळेचं सांगतो, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातला आहे.

आमच्याकडे शीळ घालत नाहीत. जहाजावर तर नाहीच नाही. शिळेने वारा येतो. नवा माणूस कामाच्या नादात शीळ घालायला लागला की कप्तान आधी कानाखाली काढायचा आणि मग नाव विचारायचा. घरीसुद्धा मी कधी घातली नाही. शीळ फक्त एकाच कामाला. सील बुडी मारतो. पाणी हलतं, मग हळूहळू थांबतं, अगदी काचेसारखं होतं. त्या वेळी दातांतून एक लांब, खालच्या पट्टीतली शीळ सोडायची, शेवटाला जराशी उतरती. सीलला राहवत नाही. कोण आहे हे बघायला तो वर येतोच, नुसतं नाक नव्हे, चांगला छातीपर्यंत, मान ताठ, आणि स्थिर. तेवढाच वेळ नेमबाजाला लागतो. मला बापाने शिकवली, त्याला त्याच्या बापाने. सुन्निवा लहान असताना मागे लागली होती, आजोबा, मला शिकवा ना. मी म्हटलं, ती खेळायची वस्तू नाही. रडली, पण शिकवली नाही.

तर शेवटचा खेळ. भोंग्यातून एक बाई बोलली की आता सगळ्यांनी अगदी शांत राहायचं, आता तिन्ही सील एकदम तळाशी जातील आणि सुन्निवाच्या पायापाशी एकदम वर येतील. सुन्निवाने हात खाली केला. तिघेही गेले. पोरं गप्प. वाफल गप्प. पाणी हललं, वर्तुळं काठाला लागली, परतली, विरली. पाणी थांबलं. काचेसारखं...

आणि मी शीळ घातली.

मी घातली म्हणजे काय, मला विचारून नाही घातली गेली. पाणी थांबलं आणि ओठ आपोआप वळले. तुम्ही जिना उतरताना पायाला विचारता का? माझा आवाज माझ्याच कानावर आला तेव्हा मला कळलं, आणि तोवर उशीर झाला होता. कारण तिघेही वर आले. सुन्निवाच्या पायापाशी नव्हे. माझ्यासमोर. छातीपर्यंत पाण्याबाहेर, मान ताठ, डोळे गोल, आणि स्थिर. मफिन, बोबो, राजकन्या. माझ्याकडे बघत.

मी शेजारी बघितलं तर कोरेचा उजवा खांदा वर गेलेला, गाल त्याच्यावर टेकलेला, आणि डावा डोळा मिटलेला. हातात कॉफीचा कागदी पेला. त्यालाही कोणी विचारलं नव्हतं.

तुम्हाला सांगतो, तीसेक हिवाळ्यांत मी ते डोळे कितीदा बघितले असतील. पण बघायला पुढे वेळ मिळालेला नव्हता. वर आले, की संपलं. इथे ते वर आले आणि... काहीच झालं नाही. ते बघत राहिले. मी बघत राहिलो. पुढे काय करायचं असतं हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही नाही.

पलीकडे सुन्निवा हातात मासा धरून एकटी उभी. तिने शिट्टी वाजवली, चुटकन. एकही हलला नाही. पुन्हा वाजवली. राजकन्येने नुसती मिशी हलवली. लोकांना वाटलं हाच खेळ, त्यांनी टाळ्या पिटल्या, भोंग्यातली बाई म्हणाली, वा, बघा कशी मज्जा केली यांनी! सुन्निवा हसत नव्हती. ती सीलकडे बघत नव्हतीच, माझ्याकडे बघत होती. तिला शीळ ओळखता आली होती.

लोक उठले, गेले. वीबेकेबाई आली आमच्यापाशी. "शीळ कोणी घातली?"

कोरे छताकडे बघायला लागला. मी उभा राहिलो. म्हटलं, मी.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. रागाला माझ्याकडे उत्तरं आहेत. पण तिला खरोखरच नवल वाटलं होतं. "तिघे एकदम असे कधीच वर येत नाहीत," म्हणाली. "हे तुम्ही कुठे शिकलात?"

मागे सुन्निवा येऊन उभी राहिली होती. हातात बादली. चेहरा त्या पिल्लांच्या कापसासारखा. आणि आता बघा, उभ्या जन्मात कोणी विचारलं आणि मी सांगितलं नाही असं झालेलं नाही. शब्द ओठावर होते. पण म्हटलं, हे सांगितलं की संपलं. सील मारणाऱ्याची नात, आणि वर्षभर कॉड सांगत होती. कोण ठेवेल तिला?

मी म्हटलं, "चर्चमध्ये."

"चर्चमध्ये?"

"मी तिथे गातो."

कोरे, ज्याचं तोंड मी झोपेतसुद्धा मिटलेलं बघितलेलं नाही, त्याने ते उघडलं आणि परत मिटलं. त्याला माहीत आहे, स्तोत्र चालू झालं की मी बूट बघत उभा राहतो.

वीबेकेबाई म्हणाली, "तुमच्या चर्चमध्ये शीळ घालतात?"

मी म्हटलं, "आमचं बेट जरा बाजूला आहे."

आता याच्यापुढे खोटं मला येईना. सवय नाही हो. कानशिलं तापली. आणि तेवढ्यात सुन्निवाने बादली खाली ठेवली. फरशीवर आवाज झाला तिचा.

"आजोबा, टोपी घाला."

मी म्हटलं, अगं, इथे उकडतंय.

"घाला."

माझ्या आस्लाउगचा आवाज. तोच. मी कोटात हात घातला, टोपी काढली आणि डोक्यावर ठेवली. वीबेकेबाई जनावरांची डॉक्टर, तिला सांगावं लागलं नाही कसलं कातडं ते. तिने टोपीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत टोपीकडे. तिघे सील अजून काचेपाशीच होते. तेही बघत होते.

"माझे आजोबा कॉडवर नव्हते," सुन्निवा म्हणाली. "पश्चिमेच्या बर्फावर होते. मी खोटं सांगितलं, त्यांनी नाही. आता सांगितलं ते माझ्यासाठी. सील कुठे वळतो, कधी वर येतो, कशाला बिचकतो, हे मी इथे यायच्या आधी शिकले. त्यांच्या स्वयंपाकघरात."

मला माहीतच नव्हतं. मी आणि कोरे टेबलाशी बोलत बसायचो आणि ती टेबलाखाली बाहुलीशी खेळत असायची. मला वाटायचं बाहुलीशी खेळतेय.

वीबेकेबाईने काचेपाशी खोळंबलेल्या त्या तिघांकडे बघितलं. 

मग वीबेकेबाई म्हणाली, "तुझे आजोबा कोण होते हा माझा प्रश्न नाही. ते तू वर्षभर का लपवलंस, हे आपण नंतर बोलू. माझा प्रश्न हा आहे की कोणी एक शीळ घातली आणि तिघेही तुला सोडून गेले. उद्या एखाद्या पोराने घातली, आणि त्या वेळी तू त्यांना औषध देत असलीस, तर? आज मी तुला पक्कं करू शकत नाही."

पोरीने मान खाली घातली. माझ्यामुळे. सरळ माझ्यामुळे.

"वसंतात पुन्हा बघीन," बाई म्हणाली. "तोवर यांना शिकव. कोणीही शीळ घातली तरी जायचं नाही." आणि मग माझ्याकडे वळली. "त्यासाठी शीळ घालणारं कोणीतरी लागेल. तुम्हाला शहरात यायला जमतं का?"

मी काही बोललो नाही. कोरे म्हणाला, "त्याला जमतं. मलाही जमतं."

तर असा माझा हिवाळा गेला. एक आड एक रविवार, फेरी, बस, ती पातळ कॉफी, आणि पहिली रांग, मधोमध. डोक्यावर टोपी. तिथे आता काचेवर एक पाटी लावली आहे, 'शीळ घालू नये', ओठांचं चित्र आणि त्यावर लाल रेघ. आणि त्या पाटीच्या बरोबर खाली बसून मी शीळ घालायची! लोक काय म्हणत असतील? एक बाई पोराला कडेवर घेऊन आली, म्हणाली, "आजोबा, वाचता येत नाही का?" अहो, शाळा मी थोडीच केली, पण एवढं येतं. मी पाटीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि परत शीळ घातली. ती गणवेशवाल्या पोराला बोलवायला गेली. तो दुरून हात हलवून म्हणाला, त्यांना चालतं. एवढ्या मोठ्या घरात, मला एकट्याला चालतं.

काम साधं होतं. सुन्निवा त्यांना खडकाशी बसवायची, मी शीळ घालायचो. जो आला त्याला काही नाही, जो आला नाही त्याला हेरिंग. पहिल्यांदा तिघेही यायचे. यायचे आणि बघत राहायचे, आणि मी कठोर तोंड करून बसायचो. मग मफिन शहाणा झाला. तो अर्ध्यातून वळायला लागला. मग बोबो. राजकन्या शेवटपर्यंत यायची. म्हातारी, हट्टी. मासा नको पण ऐकू दे, असं काहीतरी तिचं होतं. आता विचार करा, जन्मभर ज्या शिळेने बोलावलं, त्याच शिळेने मी त्यांना शिकवत होतो की येऊ नका. आला त्याचं नुकसान, आला नाही त्याला खाऊ. कोरे म्हणाला, "ही अक्कल त्यांना तेव्हा असती तर आपण खरंच कॉडवर गेलो असतो."

वसंत आला. वीबेकेबाई परत त्याच जागी, हात बांधून. फेरीवरच कोरे मला म्हणाला होता, "जरा हळू घाल. अर्धी घाल. ओठ कोरडे पडले म्हणायचं, कोणाला कळतंय? पोरीचं काम होऊन जाऊ दे."

मी त्याच्याकडे असं बघितलं की तो बंदर येईपर्यंत समुद्र बघत बसला. शीळ घालायची तर नीट घालायची, नाही तर घालायची नाही. चोरून नोकरी मिळाली तर ती परत कॉडच झाली की.

सुन्निवाने हात खाली केला. तिघे तळाशी गेले. पाणी हललं, विरलं, थांबलं. मी टोपी नीट केली आणि घातली. माझ्या बापाने शिकवली तशी, पुरी, खालच्या पट्टीत, शेवटाला उतरती. इतकी चांगली मला बर्फावरसुद्धा कधी जमली नव्हती.

पाणी तसंच.

मग पलीकडे, सुन्निवाच्या बुटांपाशी, तीन डोकी एकदम वर आली. मफिन, बोबो, आणि राजकन्यासुद्धा. माझ्याकडे पाठी. चुटकन शिट्टी वाजली, मासे उडाले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. वीबेकेबाईने हात सोडले आणि तीही वाजवायला लागली. सुन्निवा पक्की झाली. रडत होती, हसत होती, माझ्याकडे बघून हात हलवत होती, आणि तो हात मासळीने माखलेला.

मी पाण्याकडे बघत होतो. म्हटलं, एखादा वळेल. राजकन्या तरी. नाही वळली. बरंच झालं ते, तेवढ्यासाठीच तर आलो होतो हिवाळाभर. पण म्हटलं... जाऊ दे.

कोरे कॉफी घेऊन आला, तीच पातळ. माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "आस्लाउगनंतर, एलिंग, तुझं एकही न ऐकणारे हे तिघेच."

मी काही बोललो नाही. कोणाशी बोलणार? साऱ्या जन्मात माझं ऐकणारे होते ते सील. त्यांनाही मीच शिकवून ठेवलं.